वाचवायला उतरणाऱ्यालाच बळाने अडवायचं का? विहीर, गाळ आणि विषारी हवा

शिवारकट्टा (प्रश्न)

उन्हाळा लागला की विहिरींचा गाळ काढायची कामं निघतात. गावच्या आपत्ती पथकासाठी एक पानी सूचनापत्रक करायचं चाललंय. बाकी मजकूर ठरला, एका वाक्यावर मात्र घोडं अडलंय. वाक्य असं: ‘खाली उतरलेला माणूस कोसळला तर दुसऱ्या कोणालाही उतरू देऊ नका. ऐकत नसेल तर धरून ठेवा.’

पथकातल्या निम्म्या लोकांना शेवटचे पाच शब्द नको आहेत. त्यांचं म्हणणं असं की भाऊ खाली तडफडतोय, वरचा भाऊ स्वतःचा जीव द्यायला तयार आहे, मग त्याचे हात धरणारे आपण कोण? परोपकारासाठी पुढे झालेल्या माणसाशी परोपकाराच्याच नावाखाली झटापट करायची हे त्यांना पटत नाही. उरलेले म्हणतात, दर वर्षी बातमी तीच असते. एक उतरला, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि संध्याकाळी एकाच घरातून तीन तिरड्या निघतात.

नुसतं ‘समजूत घाला’ लिहून भागणार नाही हे दिसतंय, कारण त्या क्षणी कोणी समजूत ऐकत नाही. जाणकारांनी सांगावं: बळ वापरणं योग्य आहे का, असलं तर किती आणि कसं, आणि उद्या कोणी पोलिसांत गेलं तर काय?

कप्पी_दोर

ते वाक्य ठेवा, पण ते एकटं ठेवू नका. कारण सांगतो.

हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की बंदिस्त जागेत उतरायचं नाही, हा अनेक देशांतला दंडक. १० टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध होतो, ६ च्या खाली मिनिटाच्या आत. यात ‘दम धरून पटकन जाऊन येतो’ याला जागाच नाही, कारण खाली गेल्यावर ऐंशी किलोचं निपचित शरीर उचलायचं असतं आणि त्या कष्टात श्वास घ्यावाच लागतो.

सडलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. त्याचा कुजक्या अंड्याचा वास १ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आतही येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. ‘आता वास गेला, हवा सुधारली’ असं काठावरचे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा हवा सुधारलेली नसते, नाक मेलेलं असतं. ७०० ते १००० पीपीएमला एकदोन श्वासांत माणूस पडतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. आणि हा वायू गाळात बुडबुड्यांच्या रूपाने अडकून असतो. वरचं पाणी उपसेपर्यंत वायू मोजायचा मीटर शांत असतो, पहिलं फावडं मारलं की आकडा चढतो. म्हणून ‘सकाळी उतरलो होतो, काही झालं नाही’ हा पुरावा धरायचा नाही.

तिसरी गोष्ट डिझेल इंजिन. पाणी खोल गेलं म्हणून इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवून चालवतात आणि मग ते बघायला कोणीतरी उतरतो. इंजिनच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. इंजिन बंद पडलं तरी धूर आतच राहतो.

आता तुमचा प्रश्न. उतरू पाहणाऱ्या भावाला वाटतं, आपण जीव धोक्यात घालतोय आणि त्या बदल्यात खालचा वाचण्याची शक्यता वाढतेय. ती वाढत नाही. तो पडतो बहुधा पहिल्याच्या अंगावर. मग एकाच्या जागी दोघांना उचलावं लागतं, दोर एकच असतो आणि वर उरलेला माणूस आता एकटा असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये अशा मृत्यूंबद्दल इशारा काढला, त्यात बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली होती असं नोंदवलं आहे. त्याची माया खरी आहे, फक्त तिच्या हाती चुकीची माहिती आहे. त्याला अडवताना आपण त्याच्या मायेच्या आड येत नाही, खालच्या हवेच्या आणि त्याच्या मधे उभे राहतो.

पाणाडी

वरचं सगळं मान्य, तरी सरसकट ‘कोणालाही उतरू देऊ नका’ हे घातक आहे. हेच पत्रक वाचून लोक पाण्यात पडलेल्या पोराच्या बापालाही धरून ठेवतील. भरलेल्या, मोठ्या तोंडाच्या, रोज वापरातल्या विहिरीत पोर घसरून पडलं असेल आणि काठावर पट्टीचा पोहणारा असेल, तर त्याला अडवणं हीच हत्या. त्याच्या कमरेला दोर बांधा, हवा भरलेली ट्यूब नाहीतर बूच लावलेला रिकामा कॅन द्या आणि जाऊ द्या.

म्हणून आधी ओळखायला शिकवा. माणूस घसरला की कोसळला? घसरणारा ओरडतो, हात झाडतो, पाण्यात पडल्यावर धडपडतो. वायूने पडणारा शिडीवर असताना किंवा तळाशी उभा असताना मध्येच गप्प होतो, गुडघ्यातून खाली बसतो, हाक मारली तर ओ देत नाही. विहीर अरुंद आहे का, खूप दिवस झाकलेली किंवा न उपसलेली आहे का, तळाशी काळा गाळ आहे का, आत इंजिन चाललं होतं का, पालापाचोळा किंवा जनावर कुजलं होतं का? यातल्या एकालाही ‘हो’ आलं, तर हवा विषारीच धरायची आणि बळाचा प्रश्न तिथेच येतो. शौचकूप, गोबर गॅसची टाकी, मळीचा खड्डा इथे तर विचारायचंही नाही.

एक सावधगिरी: कंदील सोडून बघायची जुनी रीत पत्रकात लिहू नका. प्राणवायू १६-१७ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, एवढंच ती सांगते. हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत मजेत जळत राहील. आणि मिथेन असेल तर तीच ज्योत स्फोट करेल.

कप्पी_दोर

पाणाडी यांची दुरुस्ती पूर्ण मान्य. वाक्य असं करा: ‘न घसरता, न ओरडता माणूस कोसळला, तर...’

आता कसं धरायचं. हे कोणी शिकवत नाही आणि इथेच घोटाळे होतात.

झटापट काठावर कधीच नको. आपल्याकडच्या कित्येक विहिरींना कठडा नसतो, कडेची माती भुसभुशीत असते आणि ओढाताणीत धरणारे दोघंही आत जातात. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच काठापासून पाच मीटरवर चार खुंट्या ठोकून दोरी बांधायची. आत फक्त कामाची माणसं, घरचे सगळे बाहेर. अडवायचं ते या दोरीवर, काठावर नाही. ही दोरी बांधलेली असली तर दहातल्या आठ वेळा हात लावायची पाळी येत नाही.

तरीही धरावं लागलं तर दोघांनी, दोन बाजूंनी, दंड आणि मनगट पकडून मागे न्यायचं. गळ्याभोवती हात नाही. पालथं पाडून पाठीवर बसायचं तर अजिबात नाही: रडणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या छातीवर भार पडला तर श्वास कोंडून तो तिथेच जाऊ शकतो. दोराने झाडाला बांधायचं नाही. बाई असेल तर बायांनी धरायचं. ही दोन माणसं सकाळीच नेमलेली असावीत, घरातली नसावीत, आणि त्यांना त्या दिवशी दुसरं काम नको.

बोलायचं नाव घेऊन आणि छोटं: ‘दत्ता, तू उतरलास तर दोर ओढायला कोण? हे टोक धर.’ ‘शांत हो’, ‘देवाची मर्जी’ असलं काही नाही. दोराचं टोक हातात देणं हा सगळ्यात मोठा उपाय आहे. ज्याच्या हाताला काम मिळालं तो बहुतेक वेळा स्वतःहून काठापासून मागे येतो, कारण ओढायचं तर मागेच जावं लागतं.

शिवारकट्टा

म्हणजे धरणाऱ्याकडे देण्यासारखं काम असलं पाहिजे. पण नुसता दोर खाली सोडून बेशुद्ध माणूस कसा वर येणार? आमच्याकडे यारी (गाळ वर ओढायचं यंत्र) आहे, टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आहे, आणि मागच्या वर्षी ग्रामपंचायतीने एक ब्लोअर घेतलाय, त्यावर ताशी १५०० घनमीटर लिहिलंय.

कप्पी_दोर

तुमचा प्रश्न इथे खरा धारेवर येतो. खालच्याला काढायची काहीच सोय न करता वरच्याला धरून ठेवणं म्हणजे एका माणसाला दुसऱ्याचं मरण बघायला लावणं. तसं बळ मी योग्य म्हणणार नाही. धरणाऱ्याला हक्क मिळतो तो बचाव त्याच वेळी चालू असतो म्हणून.

तुमच्या साधनांचा हिशेब करा. २ मीटर व्यास, १२ मीटर खोल विहीर म्हणजे सुमारे ३८ घनमीटर हवा. तुमचा ब्लोअर मिनिटाला २५ घनमीटर देतो, म्हणजे एकदा हवा बदलायला दीड मिनिट. एकदा बदलून भागत नाही, ताजी आणि जुनी हवा मिसळत राहते, म्हणून निदान सात वेळा धरा: दहा-अकरा मिनिटं. विहीर ६ मीटर व्यासाची असेल तर हवा ३४० घनमीटर होते आणि तोच हिशेब दीड तासावर जातो. टायरचा कॉम्प्रेसर मिनिटाला २०० लिटर देत असेल तर लहान विहिरीतही एकदा हवा बदलायला तीन तास लागतील. तो विसरा. छत्री उलटी सोडून खालीवर करणं, फांद्या हलवणं, पाणी शिंपडणं यांनी हवा थोडी हलते, पण तळाचा गाळ ढवळला गेला तर वायू वाढतो.

प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होते. म्हणजे चांगला ब्लोअर आणि लहान विहीर असली तरी, माणूस पडल्यावर हवा बदलून मग उतरायचं ठरवलं तर उशीर होतो. म्हणून ब्लोअर माणूस उतरायच्या आधी चालू हवा आणि तो वर येईपर्यंत चालू हवा. नळीचं तोंड तळाजवळ, गाळात रुतणार नाही असं. ब्लोअरची हवा ओढायची बाजू ट्रॅक्टरच्या किंवा जनरेटरच्या धुरापासून लांब. सिलिंडरमधला शुद्ध प्राणवायू विहिरीत सोडायचा नाही, त्याने आग भडकते.

खरा जीव वाचतो तो उतरतानाच अंगावर असलेल्या हार्नेसमुळे, म्हणजे अंगाला आवळलेल्या पट्ट्यांमुळे. पूर्ण शरीराचा हार्नेस, पाठीवर दोन खांद्यांच्या मधे कडी, त्या कडीला दोर, दोर यारीच्या कप्पीवरून वर. माणूस गप्प झाला की वरून ओढायचं, कोणीही न उतरता. नुसता दोर काखेतून बांधला तर बेशुद्ध माणसाचे हात वर होतात आणि तो निसटतो, हे लक्षात ठेवा. वरच्याने दर मिनिटाला हाक मारायची, उत्तर नाही आलं की दुसरी हाक न मारता ओढायला सुरुवात. यारीचा डबा माल काढायला ठीक, पण डब्यात उभा असलेला माणूस भोवळ आली की बाहेर पडतो.

दोर नसताना पडलाच, तर वरून गळ टाकून पट्टा किंवा कपडे अडकवून बघता येतं, तेही बेभरवशाचं. मग ब्लोअर लावा आणि पहिल्याच मिनिटाला १०१ आणि ११२ ला फोन करा. पाठीवर हवेची टाकी असलेला अग्निशमन जवान हाच काय तो उतरू शकतो. ओला रुमाल, कापडी मास्क, रंगकामाचा गाळणीचा मास्क यांतून प्राणवायू तयार होत नाही.

कलमांच्या_आत

कायद्याची बाजू. दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कोणाला जायच्या वाटेवर अडवणं हा कलम 
१२६ खाली गैरनिरोध होऊ शकतो. पण कलम १९ सांगतं की गुन्ह्याचा हेतू नसताना, मोठी हानी टाळण्यासाठी, सद्भावनेने केलेली कृती हानी करणारी असली तरी गुन्हा ठरत नाही. तिथलंच उदाहरण आहे: मोठ्या आगीत वणवा पसरू नये म्हणून माणूस घरं पाडतो.

अनेकजण कलम ३० दाखवतात, जे जुन्या संहितेत ९२ होतं. त्यातली उदाहरणं मोठी बोलकी आहेत. वाघ माणसाला ओढून नेतोय, गोळी माणसालाही लागू शकते हे माहीत असूनही त्याच्या भल्यासाठी वाघावर गोळी झाडणारा दोषी नाही. पेटलेल्या घराच्या गच्चीवरून, खाली लोकांनी ताणून धरलेल्या घोंगडीत मूल टाकणारा दोषी नाही. पण हे कलम संमती देणंच शक्य नसलेल्या माणसासाठी आहे. तुमचा दत्ता शुद्धीवर आहे आणि ‘सोडा मला’ असं स्पष्ट ओरडतोय. त्याच्यासाठी आधार कलम १९ चा, ३० चा नाही. खाली बेशुद्ध पडलेल्याला ओढताना खरचटलं, बरगडी मोडली, तर तिथे ३० कामाला येतं.

आणि कायद्यात ‘सद्भावना’ म्हणजे नुसतं मन साफ असणं नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं कायदा मानतच नाही. म्हणून मीटरवरचा आकडा आणि वेळ वहीत लिहून ठेवा, धरणाऱ्यांची नावं आधी ठरवा, आणि धोका संपला त्या क्षणी सोडा. त्यानंतरही धरून ठेवलंत तर कलम १९ तुमच्या पाठीशी उभं राहणार नाही.

जुने_पुणे

एक आठवण पत्रकाबाहेरची, पण मुद्द्याची. १८९७ च्या प्लेगात रँडच्या समितीने पुण्यात हेच म्हटलं होतं: लोकांच्या भल्यासाठी बळ. गोरे सोजीर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, माणसं उचलून छावण्यांत नेली. प्लेग पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, म्हणजे बळ वापरणाऱ्यांना रोगाची वाटही नीट माहीत नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच शहरात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना मुलाच्या दवाखान्यात नेत होत्या आणि १० मार्चला त्या त्याच रोगाने गेल्या.

कप्पी_दोर यांच्या उत्तरात आणि रँडच्या समितीत फरक मला दोन ठिकाणी दिसतो. इथे कारण माहीत आहे, मीटरवर दिसतं, काठावरच्या कोणालाही दाखवता येतं. आणि इथे धरणारा गावातलाच आहे, उद्या त्याला दत्ताच्या दारावरून जायचंय. सूचनापत्रक लग्नसराईच्या आधी ग्रामसभेत वाचून घ्या, सगळ्यांसमोर. ज्या बळाला माणसाने शांतपणी होकार दिलाय, ते त्याच्यावर लादलेलं राहत नाही.

झाकण_बंद

शहराकडचं एक जोडतो, कारण तिथे बळ अपघाताच्या आधी वापरावं लागतं आणि ते ठेकेदाराविरुद्ध. मलटाकीत किंवा गटारात विनासाधन माणूस उतरवणं, हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ ने बंद आहे. कलम ९ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या घरच्यांना १० लाख ठरवले होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. असं असूनही सोसायटीच्या आवारात दोरीला माणूस बांधून सोडताना दिसतात.

अशा वेळी झाकणावर उभं राहा. खरोखर, दोन्ही पाय ठेवून. ठेकेदार शिव्या देईल, उतरणारा मजूरही चिडेल, कारण त्याची दिवसाची रोजी बुडते. इथेही कप्पी_दोर यांचाच न्याय लागू आहे: काम अडवणाऱ्याने उपसा यंत्राच्या गाडीला फोन केलेला असावा आणि त्या मजुराची त्या दिवसाची मजुरी सोसायटीकडून मिळवून द्यावी. मजुरी न देता अडवलंत तर तो संध्याकाळी पलीकडच्या इमारतीत उतरेल.

शिवारकट्टा

बरंच हाती लागलं, मनापासून आभार. हार्नेस आणि चार वायूंचा मीटर ग्रामपंचायतीच्या पुढच्या बैठकीत मांडतो. पत्रक ग्रामसभेतच वाचू. एकच विचारायचं राहिलं: सोडायचं नेमकं कधी?

कप्पी_दोर

खालचा माणूस काठावर आला की लगेच. आधी त्याला विहिरीपासून वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या, श्वास बघा. नसेल तर छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, १०८ ची गाडी येईपर्यंत न थांबता. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, हायड्रोजन सल्फाइडने फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं.

आणि दाब देणाऱ्याच्या शेजारी डोक्याकडची जागा दत्ताला द्या. भावाच्या कपाळावर हात ठेवू दे, नाव घेऊन हाक मारू दे. त्याला धरणाऱ्या दोघांनी तिथून निघून जायचं नाही, पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याच मागे बसायचं.